ब्रेक उत्तम असल्याचा दाखला

१

ब्रेक उत्तम होते, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

सोमवारी सकाळी संस्थेची गाडी टेकडीवरून खाली उतरत होती. सातव्या वळणावर ती दगडी कठड्याला धडकली. मागे बसलेल्या ग्रंथपाल बाईंचं खांद्याचं हाड मोडलं, ड्रायव्हरच्या कपाळाला खोक पडली. कठड्याला टेकून बसल्या बसल्याच त्याने सांगितलं की पेडल दाबलं ते थेट तळाला गेलं, पायाखाली काही लागलंच नाही. दुपारी मिस्तरी आला. त्याने पेडल दाबलं तर ते दगडासारखं घट्ट. गळती कुठे नाही, पाइप शाबूत, ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलेलं. त्याने कागदावर एक ओळ लिहून दिली आणि त्या ओळीवर संस्थेतल्या डॉक्टरांनी निकाल लावून टाकला. ब्रेक उत्तम आहेत, तर माणूस खोटा आहे.

हे डॉक्टर नाडी बघणारे नव्हेत, प्रबंध लिहिणारे. टेकडीवरच्या त्या प्रयोगशाळेत असे बारा जण होते, आणि त्यांच्यासाठी काचेची उपकरणं घडवणारी एक बाई होती. ज्योतीवर काच वितळवायची, फुंकायची, वाकवायची, जोडायची, हे तिचं काम. सगळे तिला काचताई म्हणत. बारा जणांच्या उपकरणांना गेली अठरा वर्षं तीच जोड लावत होती, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे याचा तिला अंदाज होता. बहुतेक जण घोट्याइतक्याच.

ड्रायव्हर तिचा धाकटा दीर. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी होती. दोषी ठरला तर नोकरी जाणार होती, आणि परवाना रद्द करावा असं पत्र परवाना कार्यालयाकडे जाणार होतं. म्हणजे पुन्हा कुठेच स्टिअरिंग हातात नाही. वीस वर्षं गाडीच चालवल्यामुळे त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती.

सासूबाई चार दिवस एकच वाक्य घोळवत होत्या. "एवढ्या शिकलेल्या माणसांत नोकरी करता दोघं, एकालाही गाडीतलं कळत नाही का?" काचताईंना वाटायचं, प्रश्न बरोबर आहे, फक्त विचारायला नको त्या घरात विचारला जातोय.

गुरुवारी सकाळी दीर त्यांच्या कामाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. चौकशीसाठी त्याने गाडीची फाइल मागितली होती. भांडारपालांनी त्याच्यासमोर कपाट उघडलं. खुर्च्यांची फाइल होती, पंख्यांची होती, पाण्याच्या टाकीचीही होती.

"वहिनी, गाडीचीच नाही," तो म्हणाला. "कपाट फोडलेलं नाही. कुलूप जसंच्या तसं."

काचताईंनी ज्योत बंद केली. निष्काळजी ड्रायव्हरच्या चौकशीत फाइल पळवायचं कारण फक्त ड्रायव्हरला असतं. आणि तोच ती मागत फिरत होता.

२

मिस्तरी भेटला तेव्हा गुर्मीत होता. आपण लिहून दिलेल्या ओळीवर कोणी शंका घेतली की कारागीर जसा बोलतो, तसाच तो बोलला. दाबून बघितलं, घट्ट होतं, आता काय देवाची शपथ घेऊ का, असं त्याचं म्हणणं. काचताईंनी त्याला बोलू दिलं. बोलून दमला तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं.

ब्रेक ऑइलचा डबा बोटभर उंचीचा, वापरून पिवळा पडलेला प्लॅस्टिकचा. त्यातून दूध पाहिलं असतं तरी चहा दिसला असता. डब्याच्या खाली, गाडीच्या आतल्या पत्र्यावर, रंग उडून तळहाताएवढा डाग पडला होता. मिस्तरी जरा ओशाळला. गेल्या वर्षी त्याच्याच हातून सांडलं होतं. ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाणी मारायला हवं होतं, राहून गेलं.

"म्हणजे तुम्ही टाकता ते ग्लायकॉलचं," काचताई म्हणाल्या.

"मी डॉट चार टाकतो. आतलं तुम्हाला ठाऊक."

त्या डागाच्या शेजारी दुसरा ओघळ होता, ताजा. बोट लावलं तर बुळबुळीत, पण बोटाखालचा रंग जसाच्या तसा चकचकीत. काचताईंनी त्यावर नळाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. थेंब मोत्यांसारखे गोल झाले आणि घरंगळून गेले. मिस्तरीने सांडलेलं ब्रेक ऑइल, नावात ऑइल असलं तरी, पाण्यात साखरेसारखं विरघळतं. हे विरघळत नव्हतं, आणि रंगही खात नव्हतं.

डब्याच्या टोपणावर अक्षरं कोरलेली होती. फक्त डॉट ३ किंवा डॉट ४ वापरा. ही अक्षरं ती गाडी बनवणाऱ्यांनी कोरली होती, आणि वाचायला प्रबंध लागत नव्हता.

काचताईंनी टोपण फिरवून काढलं. मिस्तरीने आत डोकावलं आणि त्याची गुर्मी एका क्षणात उतरली. आत जांभळं होतं. दाट, स्वच्छ, शाईसारखं जांभळं.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे मी टाकलेलं नाही."

३

जांभळं म्हणजे डॉट पाच, सिलिकॉनचं. ते आलं कुठून, याचं उत्तर भांडारपालांनी दिलं, पण उपकार केल्यासारखं. दोन महिन्यांपूर्वी समिती बसली होती. विषय : संस्थेच्या वाहनासाठी सर्वोत्तम ब्रेक द्रव. पाच डॉक्टर, तीन बैठका, बिस्किटं. समितीने तक्ता केला होता. उत्कलनबिंदू, पाणी शोषण्याचं प्रमाण, रंगाला अपाय, टिकाऊपणा, अशा रकान्यांत गुण दिले होते. सिलिकॉनला चाळीसपैकी सदतीस मिळाले. बाटल्या आल्या, भांडाराच्या कपाटात राहिल्या. गाडीत कधी भरायचं ते उन्हाळ्यात ठरवू, असा ठराव होता. तो तक्ता त्या हरवलेल्या फाइलमध्ये होता.

गाडीत आधीपासून काय आहे, असा रकाना होता का, हे काचताईंनी विचारलं. भांडारपाल म्हणाले, ते समितीच्या कार्यकक्षेत नव्हतं. वाहनतळ इमारतीपासून चाळीस पायऱ्या खाली होता. पाचांपैकी एकही जण त्या पायऱ्या उतरला नव्हता.

बाटल्या मोजल्यावर दोन कमी निघाल्या. कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक भांडारपालांकडे. दुसरी उपसंचालकांकडे, ते समितीचे अध्यक्ष होते आणि आता चौकशीचेही. तिसरी निर्वात विभागाच्या डॉक्टरांकडे. नळ्यांमधली हवा काढून घेणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना पोकळी डॉक्टर म्हणत. तक्ता त्यांनीच आखला होता. संस्थेत हुशार म्हणावा असा तो एकच माणूस होता, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नसे.

उपसंचालकांनी काचताईंना दहा मिनिटं दिली आणि त्यातली आठ स्वतः बोलले. समितीचा चौकशीशी संबंध नाही, द्रव अजून भरलेलंच नाही, आणि यंत्राला दोष देणं ही अशिक्षित वर्गाची सवय आहे. त्यांना बॉनेट कुठून उघडतं हे तरी माहीत असेल का, याची काचताईंना शंका होती. पण न कळणारा माणूस फाइल लपवू शकत नाही असं थोडंच आहे. त्याला तर जास्त भीती.

पोकळी डॉक्टर मात्र सौजन्याने बोलले. त्यांनी दिराची चौकशीही केली, जखम भरतेय का विचारलं. मग मान हलवून म्हणाले, "वाईट वाटतं. पण थकव्यात माणसाचा पाय चुकतो. पुरावा सरळ आहे."

तिघांकडेही किल्ली, आणि तिघांनाही तो तक्ता नकोसा. कोडं मात्र त्याहून वेगळं होतं, आणि ते काचताई पायऱ्या उतरताना मनाशी घोळवत होत्या. चुकीचं द्रव भरलं, ठीक. पण सिलिकॉन उकळायला भट्टीच लागते. मग ब्रेक वळणावर गेले कशाने? आणि गेले तर दुपारी परत आले कसे?

४

गरम असताना बिघडतं आणि थंड झाल्यावर सुधारतं, असं काय असतं हे काचताईंइतकं कोणाला ठाऊक असणार? नळीच्या बंद टोकात ओलाव्याचा एक थेंब राहिला आणि ती ज्योतीवर धरली की काय होतं, याचे व्रण त्यांच्या दोन्ही मनगटांवर होते. पाण्याची वाफ होते, वाफ जागा मागते. गार झाली की पुन्हा थेंब. ब्रेकच्या पाइपात वाफ झाली तर पाय वाफ दाबत बसतो, चाकापर्यंत काही पोचत नाही. तासाभराने वाफेचं पाणी होतं आणि पेडल दगडासारखं घट्ट.

पुढचं डावं चाक त्यांनी मिस्तरीकडून उतरवून घेतलं. तो निमूटपणे करत होता, कारण आता त्याचंही नाव पणाला लागलं होतं. चाकामागे कॅलिपर असतो, ब्रेक आवळणारा लोखंडी पंजा. आतली हवा काढायचा स्क्रू त्याच्या वरच्या टोकाला असतो, कारण हवा वर येते. मिस्तरी सवयीने तोच उघडायला लागला. काचताईंनी त्याला थांबवलं, अख्खा कॅलिपर सोडवायला लावला आणि सकाळीच ओढून ठेवलेल्या काचेच्या नळीवर उलटा धरायला सांगितला.

आधी जांभळं आलं. मग, सगळ्यात शेवटी, पोकळीच्या तळातून, अगदी पॅडच्या मागून, काहीतरी फिकट आलं आणि जांभळ्यातून सरळ खाली बुडालं. नळीत दोन थर झाले. खालचा थर साधारण चार मिलिलिटर.

काचताईंनी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तव्यावर भाजून पांढरा केलेला होता. भाजलेला मोरचूद पाण्याचा स्पर्श झाला की निळा होतो, दुसऱ्या कशाने होत नाही. खालच्या थरातला थेंब त्यांनी काडीने काढून पुडीवर टाकला. पूड आकाशाच्या रंगाची झाली.

"पावसाचं शिरलं असेल," मिस्तरी म्हणाला.

चार मिलिलिटर पावसाचं शिरत नाही. आणि जुनं ग्लायकॉल आत असतं तर ते पाणी त्यात विरघळून गेलं असतं, असं वेगळं, नितळ, सगळ्यात तापणाऱ्या जागी येऊन बसलं नसतं.

मग त्यांना सोमवारच्या ट्रेमधला सापळा आठवला. सापळा म्हणजे निर्वात पंपाच्या आधी लावायचा काचेचा फुगा. पंपात ओलावा जाऊ नये म्हणून तो मध्येच अडवतो. दर सोमवारी तडे गेलेल्या वस्तूंचा ट्रे सामायिक पंपाच्या खोलीतून त्यांच्याकडे येई. त्या दिवशीच्या सापळ्यावर नाव नव्हतं. आत तपकिरी चिकट थर होता आणि तळाला पाणी. तेल समजून त्यांनी साबण घेतला होता, पण थर नुसत्या पाण्यानेच निघून गेला. तेव्हा त्यांना नवल वाटलं होतं. आता वाटलं नाही, ते गाडीतलं जुनं ब्रेक ऑइल होतं.

पाणी गाडीत शिरलं नव्हतं. ते कोणीतरी ओतलं होतं, आणि मोठ्या काळजीने.

५

शुक्रवारी अकराला चौकशीच्या लांब टेबलामागे तिघे बसले. मध्ये उपसंचालक, उजवीकडे पोकळी डॉक्टर, डावीकडे टिपण घ्यायला भांडारपाल. समोर दीर, कपाळाला पट्टी, हात गुडघ्यांवर. काचताई सहकर्मचारी म्हणून त्याच्या शेजारी, मिस्तरी भिंतीशी.

पोकळी डॉक्टरांनी मिस्तरीचा दाखला स्वच्छ उच्चारांत वाचून दाखवला. ब्रेक उत्तम आहेत. उपसंचालकांनी काही म्हणायचं आहे का विचारलं, आणि नाही असंच उत्तर येणार म्हणून कागद आवरायला घेतले.

"मला एवढंच म्हणायचंय," काचताई म्हणाल्या, "की दाखल्यावर तुमचा विश्वास आहे, तर गाडी खाली वाहनतळावर उभी आहे. भाऊजी चालवतील. तुम्ही तिघेही बसा, सगळी वळणं उतरा. पेडल घट्ट राहिलं तर भाऊजींचा राजीनामा मी स्वतः लिहिते."

दिराने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

उपसंचालकांना प्रात्यक्षिकं फार आवडत. ते उठले, कोट घातला, तो झटकलाही. भांडारपालांनी कुरकुरत पेनाला टोपण लावलं आणि कंबर दुखते म्हणून पुढची सीट मागितली. पोकळी डॉक्टर बसूनच राहिले.

"त्याची आवश्यकता नाही," ते म्हणाले.

उपसंचालक म्हणाले, पाच मिनिटांचं तर काम आहे.

"एका चाचणीने काही सिद्ध होत नाही."

"नसेल होत," काचताई म्हणाल्या. "पण एकदा उतरायला काय हरकत आहे?"

भांडारपाल दारात उभे होते.

"ती गाडी," पोकळी डॉक्टर शेवटी म्हणाले, "सुरक्षित नाही."

६

गाडी हलणार नव्हतीच. तिचं पुढचं डावं चाक नुसतं लावून ठेवलं होतं, कॅलिपर कोरडा होता आणि किल्ली काचताईंच्या एप्रनच्या खिशात होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. शेजारी बूच लावलेली ती नळी उभी केली, वर जांभळं, खाली पाणी. मग त्या बोलल्या, आवाज न चढवता, जोड कसा लावायचा हे नवख्याला सांगावं तसं.

उपसंचालकांना काही माहीत नव्हतं, ते कोट घालून तयार होते. भांडारपाल तर पुढची सीट मागत होते. खाली जायला घाबरला तो एकटाच, ज्याला आत काय आहे ते ठाऊक होतं. तक्ता केला म्हणून पोकळी डॉक्टरांना उन्हाळ्यापर्यंत दम निघाला नाही. रविवारी संस्था बंद असताना त्यांनी स्वतःच काम केलं. जुनं द्रव पंपाने ओढून घेतलं. दुसऱ्या कोणी एवढ्यावर नवं ओतलं असतं. पण प्रयोगशाळेतला माणूस नवं द्रावण जुन्या भांड्यात ओततो का? आधी भांडं धुतो. ग्लायकॉल पाण्यात विरघळतं, म्हणून त्यांनी गाडीचे ब्रेक ऊर्ध्वपातित पाण्याने विसळले. मग पंप लावून वाळवले. सगळं नियमानुसार. फक्त पंप लावला वरच्या स्क्रूला, आणि पाणी राहिलं तळाच्या पोकळीत. चंचुपात्र उलटं करता येतं, गाडी येत नाही.

"गाडी धुणारे पुष्कळ पाहिले," मिस्तरी भिंतीजवळून म्हणाला, "आतून धुणारा हा पहिलाच."

पोकळी डॉक्टरांनी काही नाकारलं नाही. त्यांना ते कमीपणाचं वाटलं असतं. ते म्हणाले की तत्त्व निर्दोष होतं, वाळवणीला दोन तास जास्त हवे होते.

"चुकीबद्दल मी बोलतच नाही," काचताई म्हणाल्या. "सोमवारी दुपारी पेडल घट्ट लागलं हे ऐकल्याबरोबर तुम्हाला सगळं कळलं. इथे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. त्याच दिवशी तुम्ही फाइल काढलीत. आणि काल माझ्यासमोर भाऊजींच्या जखमेची विचारपूस केलीत."

फाइल त्यांच्या टेबलाच्या खणात सापडली. तक्त्यावर पाच सह्या होत्या, सगळ्या सुवाच्य.

उपसंचालकांनी कोट काढला आणि संस्थेच्या नावाचा विचार करून नोंद 'अनपेक्षित तांत्रिक कारण' अशी करावी असं सुचवलं. काचताईंनी नळी उचलून एप्रनच्या खिशात घातली आणि म्हणाल्या की मग हा नमुना परवाना कार्यालयात दाखवावा लागेल, तिथे विचारतील की कारण अनपेक्षित होतं तर त्याची खरेदी तीन बैठकांनंतर कशी झाली. त्यानंतर पत्र काचताईंच्या शब्दांत लिहिलं गेलं. ड्रायव्हर निर्दोष. ब्रेक द्रव कोणी बदललं, कसं, आणि ते कोणी दडवलं, सगळं नावानिशी. ग्रंथपाल बाईंना एक प्रत. भांडारपालांनी ते दोनदा लिहिलं.

निघताना पोकळी डॉक्टर काचताईंच्या जवळ आले. त्यांना एक गोष्ट जाणून घ्यायची होती. डाव्या पोकळीत नक्की किती मिलिलिटर राहिलं होतं? काचताईंनी चार म्हणून सांगितलं. त्यांनी खिशातल्या वहीत आकडा टिपला आणि त्याच्याखाली रेघ मारली. चार दिवसांत ग्रंथपाल बाईंच्या खांद्याबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

दीर पत्र घेऊन पायऱ्यांवर उभा होता. त्याने ते वाचलं, घडी घातली, उघडून पुन्हा वाचलं. काचताईंना वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. खालच्या रस्त्याकडे बघत राहिला, आणि मग लहान पोरासारखं, त्यांच्याकडे न बघता विचारलं.

"वहिनी, म्हणजे मी दाबला होता ना ब्रेक?"

शिकलेल्या माणसांनी त्याला चार दिवस सांगितलं होतं की तू दाबलाच नाहीस, आणि वीस वर्षांच्या त्या पायावरचा त्याचा स्वतःचाच विश्वास उडाला होता. घरी त्याने हे कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

"दाबला होता, भाऊजी," काचताई म्हणाल्या. "पूर्ण दाबला होता."

त्याने मान हलवली. उजवा पाय पायरीवर एकदा टेकवून पाहिला, मग उतरायला लागला.